शनिवारचा रसास्वाद वर्ग: चित्र आणि साहित्य शेजारी ठेवून पाहताना

सदाशिव पेठेत एका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी चित्र आणि साहित्य यांचा एकत्र रसास्वाद घेणारा वर्ग भरतो. त्याला वेगळे नाव नाही, दारावर पाटीही नाही. येणारी मंडळी त्याला ‘शनिवारचा वर्ग’ एवढेच म्हणतात. पुण्यात व्याख्यानांची वानवा नाही आणि कलावंतांची चरित्रे रंगवून सांगणारे वक्तेही पुष्कळ आहेत. मात्र एखादी श्रेष्ठ कलाकृती आपल्याला का हलवते, हे त्या कलाकृतीवरच बोट ठेवून दाखवणारा वर्ग मला प्रथमच लाभला, म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

वर्गाची पद्धत साधी आहे. आधी चित्र भिंतीवर दाखवले जाते आणि बराच वेळ कोणी काही बोलायचे नसते. मग त्याच्याशी नाते असलेला साहित्यातला उतारा मोठ्याने वाचतात आणि पुन्हा चित्राकडे वळतात. ‘फार उदास वाटले’ असे कोणी म्हटले, की वर्ग घेणाऱ्या बाई शांतपणे विचारतात, ‘चित्रात कुठे?’ या एका प्रश्नामुळे बोलणे भरकटत नाही, आणि आपल्या मनातली भावना चित्रातल्या कोणत्या रेषेमुळे जागी झाली याचा शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

राजा रविवर्मा यांच्या शकुंतलेचे सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. रविवर्मा मराठी माणसाला परके नाहीत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि त्यांच्या देवादिकांच्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती भरून गेल्या. सखीच्या खांद्याचा आधार घेऊन, पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला इतकी ओळखीची झाली आहे, की आपण तिच्याकडे नीट पाहतच नाही. तिचा हात पायाकडे गेला आहे, पण नजर पायावर नाही. आणि ती ज्याच्याकडे पाहते तो दुष्यंत चित्राच्या चौकटीत कुठेच नाही. एवढे लक्षात आल्यावर बाईंनी कालिदासाच्या नाटकातले दोन उतारे वाचले. पहिल्या अंकाच्या अखेरीस शकुंतला सख्यांना सांगते, की दर्भाचे टोक पायाला रुतले आहे आणि वल्कल फांदीत अडकले आहे. राजाकडे पाहत ती हे निमित्त करून रेंगाळते, असे रंगसूचना स्पष्ट सांगते. दुसऱ्या अंकात हाच प्रसंग दुष्यंत विदूषकाला ऐकवतो आणि वल्कल अडकलेच नव्हते, असे आवर्जून सांगतो. पण त्याच अंकाच्या आरंभी, प्रेमात पडलेल्या माणसाला सारे काही आपल्यासाठीच चालले आहे असे वाटते, हेही तो स्वतःशी कबूल करून बसलेला असतो. म्हणजे ती त्याच्यासाठीच थांबली याची वाचकाला खात्री आहे, आणि राजाला मात्र नाही. पाचव्या अंकात दुर्वासाच्या शापामुळे हाच राजा तिला समोर उभी असताना ओळखत नाही. तिच्या एका वळण्यातून इतके वाचणारा माणूस तिचा चेहराच विसरतो, हे मनात ठेवून पुन्हा त्या चित्राकडे पाहिले, तेव्हा ती वळलेली मान मला पाहवेना. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि बाईंनीही ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही.

व्हॅन गॉगच्या १८८५ सालच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्राशेजारी बहिणाबाईंच्या ओव्या ठेवण्याची कल्पनाही समर्पक होती. दिव्याच्या उजेडात जेवणारी ही माणसे ज्या हातांनी ताटातले घेत आहेत, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे आपल्याला दाखवायचे होते, असे त्याने भावाला पत्रातून कळवले होते. भाकरीआधी हाताला बसणारे चटके सांगणाऱ्या बहिणाबाईंना हे हात नक्की कळले असते.

रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ या चित्राला मात्र न्याय मिळाला नाही. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडामुळे प्रोजेक्टरवर त्याचे तपकिरी रंग नुसते काळे दिसत होते आणि बापाच्या दोन हातांतला फरक ऐकूनच मानावा लागला. खिडक्यांना जाड पडदे लावणे अगत्याचे आहे.

एका गोष्टीबद्दल माझा खरा मतभेद आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेतली खिन्नता समजावताना, १९१८ साली ऐन अठ्ठाविशीत रेल्वेखाली आलेल्या त्यांच्या मृत्यूची गोष्ट आधी सांगण्यात आली. त्यामुळे डोळे भरून येतात हे खरे, पण ते कवीसाठी, कवितेसाठी नव्हे. त्या आठ ओळींत हिरवे काठ, निळासावळा झरा, हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेले झाड, असा रंगांचा क्रम आहे, आणि उजळ रंगांकडून काळोखाकडे नेणारी ती वाट खिन्नता निर्माण करण्यास पूर्ण समर्थ आहे. ‘चित्रात कुठे?’ हा प्रश्न इथेही विचारायला हवा होता. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले आणि कविता पुन्हा वाचायला लावली, याचे मला समाधान आहे.

शुल्क माफक आहे आणि चित्रकलेचे पूर्वज्ञान लागत नाही. खुर्च्या थोड्या असल्याने वेळेआधी पोहोचावे आणि वाहन शक्यतो आणू नये. शकुंतलेचे सत्र पुढच्या तुकडीतही आहे. त्याला जाणाऱ्यांनी नाटकाचे पहिले दोन अंक मराठी अनुवादातून का होईना, आधी वाचून जावेत.