ऑनपुश आणि सिग्नल: आठ महिन्यांनंतर

गोदामातल्या मालाची आमची स्क्रीन अँग्युलरमध्ये (वेब-अ‍ॅप बांधायचं फ्रेमवर्क) लिहिलेली आणि साधीच आहे. ४०० ओळींचा तक्ता आणि वर एक आलेख. तरी चौकटीत आकडा टाइप केला की तो अडखळत उमटायचा. बरेच दिवस आम्ही नेटवर्कलाच दोष देत होतो. मग प्रत्येक ओळीची बेरीज करणाऱ्या फंक्शनमध्ये एक कन्सोल लॉग (ब्राउझरमध्ये छापला जाणारा संदेश) टाकला आणि माउस नुसता आलेखावरून फिरवला. लॉगशेजारचा, तो किती वेळा छापला याचा आकडा ८००, १६००, २४०० असा चढतच गेला. (डेव्हलपमेंट मोडमध्ये अँग्युलर स्क्रीनवर काय बदललं याची तपासणी दोनदा करतो, म्हणून ४०० चे ८००.)

अँग्युलरसोबतचा झोन.जेएस (पुढे नुसता झोन) ब्राउझरचे इव्हेंट, टायमर, प्रॉमिस सगळं पकडतो आणि दर वेळी अँग्युलर मुळापासून कॉम्पोनंट (स्क्रीनचे स्वतंत्र तुकडे) तपासत खाली येतो. आलेखाची लायब्ररी माउसच्या प्रत्येक हालचालीवर लिसनर लावून बसली होती. तो आलेख झोनच्या बाहेर चालवला, बेरीज प्युअर पाइपमध्ये (इनपुट बदललं तरच पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नेली. एका दुपारचं काम, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. ऑनपुशच्या (इनपुट नवं आलं किंवा आतून इव्हेंट आला अशा मोजक्या वेळीच कॉम्पोनंट तपासायची पद्धत) आधी हे करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

ऑनपुश लावल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार आली: नोंद सेव्ह होते, तक्त्यात दिसत नाही. पालक कॉम्पोनंट जुन्याच अ‍ॅरेत पुश करत होता. रेफरन्स तोच, म्हणून तक्ता तपासलाच जात नव्हता. मग जागोजागी मार्कफॉरचेक (हा कॉम्पोनंट तपास, असं हाताने सांगणारे कॉल) टाकले गेले. ते मला अजिबात आवडलं नाही.

अँग्युलर १७ वर आल्यावर डेटा सिग्नलमध्ये (बदलला की वापरणाऱ्यांना स्वतः कळवणारी किंमत) आणला, बेरजा कॉम्प्युटेडमध्ये (सिग्नलवरून काढलेली किंमत), आणि ते सगळे मार्कफॉरचेक निघाले. सापळा मात्र इथेही आहे: जुन्याच अ‍ॅरेत भर घालून तोच परत सेट केला तर सिग्नल ढिम्म हलत नाही. अपडेट करताना नवा अ‍ॅरेच द्यायचा.

टेम्प्लेटमधल्या नव्या फॉर लूपमध्ये ट्रॅक (कोणती ओळ कोणती हे ओळखायची खूण) सक्तीचा आहे, याचा मला फार आनंद आहे. पूर्वी आम्ही ट्रॅकबाय (त्याचंच जुनं, ऐच्छिक रूप) लिहीतच नव्हतो. सर्व्हरकडून यादी ताजी झाली की सगळ्या ओळी नव्याने बांधल्या जायच्या आणि टाइप करणाऱ्याचा कर्सर मधेच उडायचा. आता मालाच्या आयडीवर ट्रॅक आहे, कर्सर जागचा हलत नाही.

झोनशिवाय चालणं अँग्युलर २०.२ पासून स्थिर आहे, २१ मध्ये नव्या प्रोजेक्टला तेच डीफॉल्ट. आमचा तारीख निवडायचा जुना कॉम्पोनंट अजून सेटटाइमआउटमध्ये (ब्राउझरच्या टायमरमध्ये) साधं फील्ड बदलतो. झोन काढला की तारीख बदलते, पण दिसत नाही. तो सिग्नलवर आणला की झोनही काढणार.