हिरव्या पॅनियर टँकचं 'एल ९४' केलं, त्याला आठ महिने झाले

रंग ताजा असताना प्रत्येकच मॉडेल छान दिसतं, म्हणून लिहायची घाई केली नाही. मरून रंगवलेलं हे छोटं रेल्वेइंजिन आठ महिने माझ्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या रुळांच्या मांडणीवर, जवळजवळ रोज धावलं आहे. रंग कुठे टिकला, कुठे गेला आणि कोणता भाग पुन्हा करावा लागला, हे आता खात्रीने सांगता येईल.

मूळ मॉडेल ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ५७०० वर्गाच्या वाफेच्या इंजिनाचं, ओओ स्केलमधलं, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिमी. १९२९ ते १९५० या काळात या वर्गाची ८६३ इंजिनं बांधली गेली. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे गोण्या लादाव्यात तशा बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. पॅनियर हे नाव त्यावरूनच. १९५६ ते १९६३ दरम्यान लंडनची भुयारी रेल्वे चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने यातली १३ इंजिनं जुनी म्हणून विकत घेतली, मरून रंगवली आणि त्यांना एल ८९ ते एल ९९ असे क्रमांक दिले. दोन क्रमांक दोनदा वापरले गेले, म्हणून क्रमांक ११ आणि इंजिनं १३.

या रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर प्रवासी गाड्या वाफेवर ओढणं १९६१ मध्ये थांबलं. ही छोटी इंजिनं मात्र खडी आणि रूळदुरुस्तीचं सामान वाहत, राडारोडा क्रॉक्सलीला नेऊन टाकत आणखी दहा वर्षं राबली. ६ जून १९७१ ला शेवटची गाडी एल ९४ ने ओढली. ग्रेट वेस्टर्नचं ७७५२ ते हेच. विजेच्या जाळ्यात इतकी वर्षं कुणाच्या फारसं नजरेत न येता काम करणारं हे इंजिन मला फार जवळचं वाटतं, म्हणून तेच निवडलं.

असं रूपांतर करायचं असेल तर मॉडेल घेतानाच केबिन बघा. या वर्गाच्या नंतरच्या इंजिनांना मोठी केबिन आणि चौकोनी खिडक्या आहेत. लंडन ट्रान्सपोर्टकडे गेलेली इंजिनं आधीच्या, गोल खिडक्यांच्या घडणीची. चुकीच्या केबिनवर कितीही सुंदर रंग चढवला तरी जाणकाराची नजर तिथेच अडखळते.

जुना रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी भिजवून, मऊ टूथब्रशने काढला. ॲसिटोन चुकूनही वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. केबिनवरच्या क्रमांकाच्या पाट्या खरवडून काढल्या आणि जागा बारीक पॉलिश पेपरने सपाट केली.

खरा वेळ मरून रंगाने खाल्ला. करड्या प्राइमरवर तो मळकट तपकिरी दिसला, म्हणून सगळं उतरवून तांबूस प्राइमरवर पुन्हा मारला. जुन्या रंगीत फोटोंवर विसंबू नका. एकाच इंजिनाचे दोन फोटो दोन छटा दाखवतात. शिवाय लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद वाटतो. मी मूळ छटेत थोडा पांढरा मिसळला, तेव्हा कुठे दोन हातांवरून बघताना रंग पटला. एअरब्रशने पातळ चार थर दिले. जाड दोन थर दिले असते तर रिव्हेटची टोकं बुजली असती.

टाक्यांवरची 'लंडन ट्रान्सपोर्ट' ही अक्षरं आणि काळ्या-पिवळ्या रेघा पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकलच्या आहेत. डिकलआधी चकचकीत वार्निश हवंच. खरबरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक दिसते. एका बाजूला मी वार्निश पुरतं वाळू दिलं नव्हतं आणि तिथली रेघ कोपऱ्यावर सुरकुतली. ती आजही दिसते.

आठ महिन्यांनंतर रंग कुठेही सोललेला नाही, पण टाकीच्या वरच्या कडेला, इंजिन उचलताना बोटं लागतात तिथे, मॅट वार्निश घासून चकाकू लागलंय. अक्षरं शाबूत आहेत. आता मी इंजिन चॅसिसला धरूनच उचलतो. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. टाक्यांच्या पोकळीत शिशाचे तुकडे भरल्यावर ओढ चांगलीच वाढली. आधी सहा वाघिणींवर चाकं जागीच फिरायची, आता नऊ सहज येतात.

सर्वांत जास्त त्रास दिला तो ट्रिपकॉकने. लंडनच्या भुयारी मार्गांवर सिग्नल लाल असला की रुळालगतची एक भुजा वर उठते. गाडी तरीही पुढे आली तर ती भुजा गाडीखालच्या ट्रिपकॉकच्या दांड्याला धडकते आणि ब्रेक लागतात. त्या मार्गांवर धावायचं म्हणून या वाफेच्या इंजिनांनाही ते यंत्र बसवलं गेलं. रंगापलीकडे लंडनची खरी खूण ती हीच, म्हणून मला ती हवीच होती.

पहिला ट्रिपकॉक पितळी पट्टीचा केला. दिसायला उत्तम, पण तिसऱ्या आठवड्यापासून एका सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, ती अचानक थांबायची. मी आधी रूळ पुसले, मग चाकं. कारण सापडायला बरेच दिवस गेले: सांधा ओलांडताना पट्टी वरून चाकाच्या कडेला टेकायची आणि खालून पलीकडच्या रुळाला, की शॉर्टसर्किट. दुसरा प्लास्टिकच्या पट्टीचा केला. शॉर्टसर्किट थांबलं, पण तो इतका खाली लोंबत होता की सांध्याच्या टोकाला अडकून मोडला.

तिसरा १ मिमी वर घेतला आणि खालचं टोक किंचित मागे वळवलं. प्रमाणाच्या हिशेबाने तो थोडा उंच आहे, पण गाडी चालू असताना ते कळत नाही. गोंद न लावता बारीक पिनेवर बसवलाय, म्हणजे पुन्हा मोडलाच तर रंगाला धक्का न लावता बदलता येईल. त्याला तीन महिने झाले, आणि राडारोड्याची गाडी त्याच सांध्यावरून न थांबता जाते आहे.