मोका पॉट, हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि कोकणचा पावसाळा: जवळजवळ वर्षभराचा अनुभव

गेल्या दिवाळीत मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं तीन भागांचं भांडं, खालचं पाणी तापलं की वाफेच्या जोराने मधल्या पावडरीतून वर चढतं) आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर असे दोन्ही एकदम घेतले, आता गणपती होऊन गेले, म्हणजे थंडी उन्हाळा पाऊस सगळं बघून झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. आमचं घर मालवणजवळ खाडीच्या बाजूला आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुण्या-बेंगलोरच्या कोरड्या हवेतले रिव्ह्यू वाचून घेतलेली कॉफी इथे तशी लागत नाही. इथे जुलैत डबा उघडा राहिला की तासाभरात बिस्किटं सादळतात, भाजलेली कॉफी तर त्याहून नाजूक.

तर पहिली गोष्ट ग्राइंडर. खरा फरक कशाने पडला असेल तर ह्याने, मोका पॉटने नाही. मिक्सरमध्ये बिया दळल्या की अर्धं पीठ होतं अर्ध्या कण्या राहतात, पिठाचा भाग कडू उतरतो, कण्यांचा आंबट, आणि मग आपण बियांना नावं ठेवतो. ह्याच्यात स्टीलची दोन दातेरी चक्रं आहेत, त्यांच्यातलं अंतर क्लिक-क्लिकने कमीजास्त करता येतं, दळण एकसारखं पडतं. शिवाय लाईट गेली तरी कॉफी होते, आणि पावसात आमच्याकडे लाईट कधी येईल ह्याचा नेम नाही. पावसाळ्यात मात्र चक्रांच्या खाचेत पावडर तेलकट होऊन चिकटून बसते, ती कोरड्या ब्रशने काढायची, पाणी अजिबात लावायचं नाही.

तयार पावडर इथे आणूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. पाकीट फोडलं की पावसात दोनचार दिवसांत वास उडून जातो, मागे नुसता कडूपणा राहतो. आख्ख्या बिया नीट ठेवल्या तर दोनतीन आठवडे छान चालतात. मी पाव किलोच्या वर मागवत नाही, आल्या आल्या छोट्या काचेच्या बरण्यांत गच्च भरते, एक बाहेर आणि बाकीच्या फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधली बरणी बाहेर काढून पूर्ण नॉर्मलला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर गार बियांवर लगेच पाणी धरतं. आणि आगोटीचं सामान ज्या कपाटात भरता तिथे कॉफी ठेवू नका, सुक्या बांगड्यांचा वास बिया फार पटकन ओढून घेतात!

आता बिया. चिकमगळूरची लाईट रोस्ट आणली होती, वास अप्रतिम, पण मोका पॉटमध्ये तिचा आंबटपणा फार पुढे येतो, ती ओतून करायच्या कॉफीलाच चांगली, कागदी फिल्टर लावून, १५ ग्रॅमला साधारण २५० मिली पाणी. आंध्रातल्या अराकूची मीडियम रोस्ट काळी प्यायला मला सगळ्यात आवडली, गोडसर आणि हलकी. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, अराकू ह्या अरेबिकांना आणि वायनाडच्या रोबस्टाला (अरेबिका आणि रोबस्टा ह्या कॉफीच्या दोन मुख्य जाती) २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालाय, तो पाकिटावर मोठा छापलेला असतो, पण घेताना मी त्याच्याआधी रोस्ट डेट, म्हणजे बिया भाजल्याची तारीख, बघते. तारीख नसेल तर घेत नाही.

पण रोजची म्हणाल तर मान्सून्ड मलबार. ही कॉफी आपल्याच किनाऱ्याच्या हवेतून तयार झालीय म्हणून मला तिचं जास्त कौतुक. पूर्वी शिडाच्या जहाजांतून माल युरोपला जायला महिनोन् महिने लागायचे, वाटेत दमट हवेने कच्च्या बिया फुगून फिक्या पडायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे जहाजं जलद झाली, बिया हिरव्याच पोचायला लागल्या, तेव्हा मंगळूरकडे गोदामांत जून ते सप्टेंबर कच्च्या बिया पसरून पावसाळी वारा मुद्दाम खाऊ घालायची पद्धत पडली. बिया फुगतात, सोनेरी होतात, आंबटपणा जवळजवळ जातो आणि कॉफी दाट, मसालेदार, थोडी मातकट लागते. म्हणजे हा वारा कच्च्या बीला घडवतो आणि तोच भाजलेल्या बीची वाट लावतो, म्हणून तिलाही आणल्यावर बरणीत कोंडायचंच. दुधात हिची चव अजिबात हरवत नाही. सासूबाई आधी काळ्या कॉफीचा घोट घेऊन म्हणाल्या, "कडू लागता गो, वाईच दूध घाल", आता दुपारी त्याच आठवण करतात.

मोका पॉटचं सांगायचं तर खालच्या भांड्यात गरम पाणीच घालायचं, बाजूच्या व्हॉल्व्हच्या खालीपर्यंत, पावडर दाबायची नाही, गॅस बारीक, आणि गुरगुर आवाज आला की लगेच उतरवायचा. थंड पाण्याने सुरुवात केली तर पाणी तापेपर्यंत वरची पावडर भाजत राहते आणि करपट कडवट चव येते. तीन कपचा पॉट म्हणजे तीन छोटे कप हं, मोठे कॉफी मग नव्हेत. घरात चाकरमानी आले की हा पुरत नाही, तेव्हा पितळी साउथ इंडियन फिल्टर काढते, रात्री डिकॉक्शन (पावडरीतून गळलेला कॉफीचा दाट अर्क) लावून ठेवलं की सकाळी पटापट कप भरता येतात. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पावडर) मी घालत नाही. चिकोरीवाली घेणार असाल तर टक्केवारी पाकिटावर लिहिलेली असते, तेवढी वाचा. चिकोरी पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन सावकाश आणि दाट पडतं, बिनचिकोरीचं भराभर गळून पातळ होतं, त्याला पावडर थोडी बारीक दळायची.

पाण्याकडे कोणी बघत नाही पण किनाऱ्यावर बघायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्यात कितीही चांगली बी घाला, कॉफी बेचवच लागते. तेव्हा वरच्या वाडीतल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी आणतो, चव लगेच खुलते.

तक्रार एकच, माझा पॉट ॲल्युमिनियमचा आहे. खारी हवा, मचूळ पाणी, त्यात धुऊन ओला राहिला की आतून पांढरे डाग आणि बारीक खड्डे पडतात, इंडक्शनवरही चालत नाही. मी रोज पुसून, तिन्ही भाग सुटे करून ठेवते म्हणून टिकलाय. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जास्तीचे पैसे घालून स्टीलचाच घ्यावा, आणि सोबत एक जादा रबर रिंग मागवून ठेवावी, कारण ती कडक झाली की जोडातून वाफ निसटते आणि तालुक्याच्या बाजारात ती मिळत नाही.