रुईने कोंडलेला लॅपटॉप आणि जळगावातील एक दुरुस्तीचे दुकान

धरणगाव परिसरातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, मी हिशेबाचे काम पाहतो. माझे टेबल वजनकाट्याच्या खोलीत आहे. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्या खोलीच्या हवेत रुई तरंगत असते. पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर, वह्यांच्या कडांवर ती दिसते आणि आम्ही ती झटकतो. लॅपटॉपच्या आतही ती जात असणार, हे मात्र पाच वर्षांत एकदाही मनात आले नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमधील ज्या दुकानाने ते मला दाखवले, त्या दुकानाच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. दुकानात एकच कारागीर आहे आणि तोच मालक. ‘नाव छापू नका, आहे तेच काम उरकत नाही,’ असे त्याने सांगितल्यामुळे नाव देत नाही; परंतु त्याची कामाची रीत नोंदवण्यासारखी आहे, कारण तशीच रीत दुसऱ्या कोणत्याही दुकानात आपण मागू शकतो.

लॅपटॉप पंधरा इंची, २०२० साली घेतलेला. फेब्रुवारीपासून तो सुरू करताच पंखा जोरात फिरू लागे आणि बंद करेपर्यंत थांबत नसे. मार्चअखेरीस टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एक नोंद केली की पुढची उमटायला दोन-दोन सेकंद लागत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आठवड्यात, भर दुपारी, जीएसटीचे विवरणपत्र भरत असताना तो कोणतीही सूचना न देता बंद पडला आणि अर्धा तास थंड झाल्यावरच पुन्हा सुरू झाला.

कोणता प्रोग्रॅम किती काम करतो आहे ते दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरचा वापर जेमतेम १२ टक्के होता. एखादा प्रोग्रॅम मागे चालू राहून यंत्र तापवत असेल, अशी माझी अटकळ होती. ती तिथेच खोटी ठरली. मात्र त्याच पानावरील एका आकड्याकडे माझे दुर्लक्ष झाले. प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ असा लिहिलेला होता आणि प्रत्यक्ष वेग ०.८ च्या आसपास घुटमळत होता. काम चालू असताना वेग मूळ वेगाच्याही खाली उतरला, तर यंत्र बहुधा उष्णतेपासून स्वतःला वाचवण्यासाठी हळू झालेले असते. हे मला नंतर कळले. तोपर्यंत मी एका जवळच्या दुकानात जाऊन ‘व्हायरस आहे’ या निदानावर विंडोज नव्याने टाकून घेतले होते आणि पाचशे रुपये मोजले होते. तिसऱ्या दिवशी पंखा पुन्हा पहिल्यासारखाच गरजू लागला. त्या दुकानात लॅपटॉप उघडला गेला नाही, आणि तापमानही कोणी पाहिले नाही.

गोलाणी मार्केटमधील कारागिराने स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी वीसेक मिनिटे नुसती तपासणी केली. पहिल्यांदा त्याने लॅपटॉप कानाशी धरला. पंख्याचे आवाज दोन तऱ्हांचे असतात, असे तो म्हणाला. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा एकसारखा आवाज असेल, तर पंखा धडधाकट असून त्याला जास्त काम पडते आहे. आणि घरघर, खरखर किंवा ठरावीक अंतराने टकटक असेल, तर बेअरिंग झिजले आहे किंवा पात्याला काही तरी घासते आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन्ही होते: मोठा आवाज वाऱ्याचा आणि त्याच्या खाली बारीक घरघर. मग त्याने वजनकाट्याची एक पावती माझ्याकडून मागून घेतली आणि गरम हवा बाहेर पडण्याच्या झरोक्यासमोर धरली. पंखा एवढा गरजत असताना ती पावती जेमतेम हलली. आवाज मोठा आणि वारा नाही, याचा अर्थ वाट कोंडलेली आहे. तपासणीची ही रीत कोणीही घरी करू शकेल, आणि मला वाटते, दुकानात जाण्याआधी ती प्रत्येकाने करून पाहावी.

त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन त्याने पंखा कायम चालू ठेवण्याचा पर्याय चुकून निवडलेला नाही ना, हे पाहिले, कारण काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तो असतो आणि मग पंखा विनाकारण फिरत राहतो. शेवटी एचडब्ल्यूमॉनिटर हा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालवून, प्रोसेसरवर पूर्ण भार देऊन, दहा मिनिटांनी आकडे कागदावर उतरवले: नुसता चालू असताना ६१ अंश, भाराखाली ९७. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. तिथे पोचण्याआधी ते वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही, तर यंत्र बंद होते. आखाजीच्या दुपारी माझ्या लॅपटॉपने तेच केले होते. पासवर्ड त्याने विचारला नाही. तो मलाच टाकायला सांगितला आणि सगळे काम मी समोर बसलेलो असताना केले. ज्या यंत्रात दुसऱ्यांचे हिशेब असतात, त्याच्या मालकाला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

झाकण काढल्यावर त्याने पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवली, पंख्याचे घर उघडले आणि मान वर न करताच विचारले, “भाऊ, तुम्ही जिनिंगला असता का?” पंखा आणि हीटसिंकची (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाची) पातळ पत्र्यांची जाळी यांच्या मधोमध रुईचा एक दाट थर बसला होता. चिमट्याने ओढल्यावर तो गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड बाहेर आला, दोन बोटे लांब. मातीची धूळ जाळीच्या फटींतून निदान काही प्रमाणात निघून तरी जाते. रुईचे तंतू आडवे अडकतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांच्यावर पुढची धूळ साचत जाते, त्यामुळे ही वाट पूर्ण बुजायला एखादा-दुसरा हंगाम पुरतो, असे त्याचे म्हणणे. खानदेशातील निम्म्या कापसाच्या गावांतील लॅपटॉप याच कारणासाठी त्याच्याकडे येतात, असेही तो म्हणाला. यातला ‘निम्म्या’ हा शब्द वाचकांनी कारागिराच्या बोलण्यातला समजावा.

इथे मला एक कबुली द्यावी लागली. मार्चमध्ये आमच्या एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून मी यंत्रे साफ करायच्या कॉम्प्रेसरची नळी त्या झरोक्याला लावली होती. बाहेरून मारलेली हवा जाळीपलीकडचा थर बाहेर काढू शकत नाही, ती त्याला उलट पंख्याच्या घरात ढकलते. शिवाय एवढ्या दाबाच्या हवेने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंगचे नुकसान होते. कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेले पाणी आत जाण्याचा धोका वेगळाच. ब्लोअर वापरायचाच असेल, तर लॅपटॉप बंद करून, झाकण उघडून, बॅटरी सोडवून आणि पंख्याचे पाते काडीने किंवा बोटाने अडवून धरून. ती बारीक घरघर बहुधा माझ्याच हाताने आलेली होती, आणि कारागिराने तसे स्पष्ट सांगितले.

हीटसिंक उचलल्यावर जुनी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी सुटून आली. प्रोसेसर आणि हीटसिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात, आणि त्या खळग्यांतील हवा उष्णता अडवते. पेस्टचे काम ती हवा हटवण्याचे. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, नवी पेस्ट थोडकीच लावली आणि हीटसिंकवर कोरलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळत नेले. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेल्यास हीटसिंक एका बाजूला कलते, हे त्याने काम थांबवून मला समजावले. पेस्ट कोणत्या कंपनीची, हे मात्र दोनदा विचारल्यावर सांगितले. ट्यूब दाखवून सुरुवातीलाच सांगितले असते, तर बरे वाटले असते.

पुन्हा तीच दहा मिनिटांची चाचणी झाली: नुसता चालू असताना ४७ अंश, भाराखाली ७९, आणि वेग मूळ वेगाच्या बराच वर. मी खूश होऊन पैसे काढले, तेव्हा त्याने भिंतीवरच्या एसीकडे बोट दाखवले. दुकानात तेव्हा २७ अंश होते. भोवतालची हवा जेवढे अंश जास्त, साधारण तेवढेच अंश प्रोसेसरही जास्त तापतो. म्हणून ७९ हा आकडा या दुकानाचा आहे, तुमच्या खोलीचा नाही, असे तो म्हणाला. बहुतेक लॅपटॉप कंपन्या वापरासाठी भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ३५ ही चैनच ठरते. वजनकाट्याच्या खोलीत ३९ अंश असताना मी तीच चाचणी केली, तर भाराखाली ९० अंश आले. त्याच्या हिशेबाने ९१ यायला हवे होते. आपण केलेल्या कामाचा आकडा गिऱ्हाईकाच्या घरी किती बिघडेल, हे स्वतःहून सांगणारा दुकानदार मला तरी याआधी भेटलेला नव्हता.

यावर त्याने सुचवलेला उपाय बिनपैशाचा होता. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, अर्थात तात्पुरता वाढीव वेग, बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, माझ्यात होता. त्याच खोलीत, जवळपास तेवढ्याच उकाड्यात, भाराखालचे तापमान ७६ वर आले. टॅली आणि एक्सेलमध्ये मला फरक जाणवला नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला तो नक्की जाणवेल.

कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचे पंख्यांचे पाट, त्याच्याकडे विक्रीला आहेत, तरीही त्याने मला ते घेऊ दिले नाही. माझ्या लॅपटॉपची हवा आत घेण्याची जाळी मागच्या कडेला आहे आणि त्या पॅडचे पंखे मध्यभागी वारा सोडतात, मग तो वारा नुसत्या प्लास्टिकच्या तळाला लागत राहतो. त्याऐवजी त्याने थंड पेयाच्या बाटलीची दोन बुचे मागच्या पायांखाली चिकटवली. ती आजही तशीच आहेत. वॉटर कूलरच्या थेट समोर लॅपटॉप ठेवू नये, हा त्याचा सल्ला आमच्याकडील बहुतेक घरांना लागू पडतो: गार हवा हवीहवीशी असली तरी तिच्यातील ओल जाळीतल्या धुळीला चिखलासारखी घट्ट करते. कूलरने खोली गार करावी, लॅपटॉप मात्र त्याच्या झोताबाहेर असावा.

आता तक्रारी. आधी फोन करून वेळ घेण्याची सोय नाही. मी अकराला पोचलो आणि माझा क्रमांक दोनला आला, तेवढा वेळ बसायला एक स्टूल. घरघरणाऱ्या पंख्याला तेलाचा थेंब देऊन तो तात्पुरता गप्प करता येतो, पण काही आठवड्यांनी पुन्हा घरघरतो, म्हणून नवा पंखा मागवावा लागला आणि नऊ दिवसांनी दुसरी खेप पडली. पहिल्या खेपेत झाकणाचा एक स्क्रू बसवायचा राहिला होता, तो घरी आल्यावर माझ्या लक्षात आला. दुसऱ्या खेपेला त्याने तो दिलगिरी व्यक्त करून बसवला. साफसफाई आणि पेस्टचे सातशे, पंख्याचे बसवण्यासह साडेबाराशे, असे एकूण १,९५० रुपये झाले. पावती साध्या कागदावर हाताने लिहिलेली मिळाली आणि पंख्याची सहा महिन्यांची हमी तोंडी. मी हिशेबनीस असल्यामुळे ही हमी पावतीवर लिहून द्यायला लावली. त्याने नाराज न होता लिहून दिली, परंतु मागितल्याशिवाय ती मिळत नाही, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मे महिन्याच्या ३१ तारखेपर्यंत भरायचे टीडीएसचे विवरणपत्र त्यानंतर त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, एकदाही बंद न पडता भरून झाले. नव्या पंख्याचा आवाज शून्य झालेला नाही. दुपारी तो ऐकू येतो, पण तो वाऱ्याचा आवाज आहे, खाली घरघर नाही. आता कापसाची आवक पुन्हा जोरात आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी वजनकाट्याची पावती त्या झरोक्यासमोर धरून पाहतो. गेल्या सोमवारी ती फडफडली, पण नोव्हेंबरमध्ये फडफडत होती तेवढी नाही. हंगाम आटोपला की मार्चअखेरच्या गर्दीआधी एकदा जळगावला जावे लागेल. नुसत्या साफसफाईचे तो चारशे घेतो, आणि सकाळी दुकान उघडताना पोचल्यास स्टुलावर फार वेळ बसावे लागत नाही.