एन स्केलचं चारचाकी शंटिंग इंजिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

एन स्केलच्या मॉडेल रेल्वेतली, म्हणजे ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळावरची चारचाकी इंजिनं दिसायला गोंडस आणि चालायला हट्टी असतात. हे डिझेल शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारं इंजिन, त्याच जातीचं. नवं असताना दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगात फिरवलं की गिअर छान बसतात, आवाज कमी होतो आणि मालडबेही ते निमूट ओढतं. खरं रूप दिसतं ते काही महिन्यांनी. सरळ रुळावर अडखळणं, पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) अडकणं, बोटाने ढकललं की पुन्हा सुरू होणं, ही त्याची ठरलेली लक्षणं.

अशा वेळी बहुतेकजण आधी मोटरवर संशय घेतात आणि तेलाची बाटली उघडतात. इतक्या लहान इंजिनात दोष बहुधा वीज उचलण्यात असतो. या मॉडेलच्या मागच्या आसावर दोन्ही चाकांना रबरी टायर आहेत. ओढण्याची ताकद त्यांनीच येते, पण रबरातून वीज जात नाही. म्हणून चार चाकांपैकी दोनच कामाची, म्हणजे प्रत्येक रुळावर संपर्काचा एकच बिंदू. तिथे धुळीचा कण आला किंवा चाक पॉइंटच्या प्लास्टिक फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) गेलं, की वीज बंद. जड इंजिन स्वतःच्या वेगाने पुढे सरकतं, हे जागीच थांबतं.

निदान सोपं आहे. अडखळताना दिवाही लुकलुकत असेल, तर वीज नीट पोहोचत नाही. दिवा स्थिर आणि मोटर अडकलेली असेल, तर दोष मोटरमध्ये किंवा गिअरमध्ये. चाकावर मार्करने एक ठिपका द्या: दर फेरीला त्याच जागी झटका बसत असेल तर त्या आसाचं गिअर तडकलेलं असतं, किंवा दात्यांत केस किंवा धागा अडकलेला असतो. एकाच दिशेला आवाज येत असेल तर वर्म, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्री गिअर, मागेपुढे सरकतो का ते पाहा. दुसरं इंजिनही त्याच जागी अडखळत असेल तर हे इंजिन उघडूच नका, दोष रुळाचा आहे.

चाकं साफ करण्याची नेहमीची युक्ती, म्हणजे रुळावर अल्कोहोलचा कागद ठेवून त्यावर चाकं फिरवणं, इथे चालत नाही. धातूची चाकं कागदावर गेली की वीज येणार कुठून? इंजिन फोमच्या खाचेत उलटं ठेवा, दोन वायरी थेट पिकअपच्या, म्हणजे चाकांवरून वीज उचलणाऱ्या, पट्ट्यांना लावा आणि सुमारे ६ व्होल्टवर चाकं फिरू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दमट केलेला कापसाचा बड धातूच्या चाकांवर टेकवा. ओलाचिंब नको: अल्कोहोल ज्वलनशील असतं आणि ठिणगी कधीही पडू शकते. रबरी टायरला ते लागू देऊ नका, रबर कडक होतं.

पिकअपच्या पट्ट्या म्हणजे फॉस्फर ब्राँझच्या केसाएवढ्या पातळ पात्या. चाकाच्या आतल्या बाजूवर त्या हलक्या टेकलेल्या हव्यात. नवशिके संपर्क वाढवायला त्या जोरात वाकवतात आणि पट्टी ब्रेकचं काम करू लागते: चाक फिरण्याऐवजी घसरतं आणि मोटर तापते. चाक आडवं ढकलून पाहावं, दोन्ही टोकांना पट्टी टेकलेली राहिली की पुरे.

तेलाबद्दल कंजुषीच बरी. प्लास्टिकला चालणारं पातळ तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढं, फक्त आसाच्या बेअरिंगला. गिअरला अगदी थोडं ग्रीस. जास्तीचं तेल चाकांवर पसरतं, तिथून रुळावर येतं आणि काळा थर जमतो. तो थर सँडपेपरने काढू नये. ओरखड्यांत मळ आणखी लवकर साठतो.

रुळाकडेही बघायला हवं. फक्त रेल जॉइनरच्या (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) भरवशावर वीज दूरवर नेली तर प्रत्येक जोडावर थोडा व्होल्टेज गळतो. दर मीटरभराने रुळाला थेट वीज पोहोचवणारी फीडर वायर डाखून जोडल्यावर फरक लगेच दिसतो. मोजमाप इंजिन चालू असताना घ्या, रिकाम्या रुळावर मीटर सगळं ठीकच दाखवतो. कंट्रोलर जुन्या धाटणीचा असेल तर पल्स, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वीज, देणाऱ्या कंट्रोलरवर हे इंजिन संथ गतीत जास्त नीट सुटतं. मोटर कोअरलेस (फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेली) असेल तर मात्र कमी वारंवारतेच्या पल्सने ती तापते. डीसीसी, म्हणजे इंजिनातल्या डिकोडर नावाच्या चिपला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत, असेल तर डिकोडरमधली सीव्ही २ ही सेटिंग वाढवून सुरुवातीचा व्होल्टेज थोडा चढवता येतो, पण तो मळक्या चाकांवरचा इलाज नाही.

कायमचे उपाय दोन. टायरचा आस काढून त्याच मापाचा पूर्ण धातूचा बसवा. पॉइंटवर अडकणं जवळजवळ संपतं, पण ओढण्याची ताकद लक्षात येण्याइतकी घटते. दुसरा, माझ्या मते अधिक शहाणा, उपाय म्हणजे मागे कायमचा एक डबा जोडणं. त्याच्या चाकांवर पिकअप बसवून दोन लवचिक वायरी इंजिनापर्यंत आणायच्या. वायर ताठ असेल तर वळणावर डबा रुळावरून उतरतो. डीसीसीत त्याच डब्यात क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा कपॅसिटरही मावतो, मात्र तो डिकोडरला जोडायचा. साध्या डीसीवर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे दिशा बदलली की ध्रुवच उलटतात.

लहान यार्ड, थोडे डबे आणि वीज देणारे धातूचे फ्रॉग असतील, तर हे इंजिन जरूर घ्या. सगळे पॉइंट प्लास्टिक फ्रॉगचे असतील, तर त्याच पैशात सहा चाकांचं बघा.