रुग्णाला हलवण्याच्या तीन वस्तू: घरी वापरून पाहिल्यानंतर

मालवण तालुक्यातील आमच्या घरी थोरले दीर अर्धांगवायूमुळे गेल्या गणपतींपासून अंथरुणाला खिळले आहेत. त्यांचे वजन ७२ किलो आहे. त्यांना बगलेत हात घालून उठवताना जाऊबाईंच्या कमरेत उसण भरली आणि पुढचे आठ दिवस घरात एकाऐवजी दोन रुग्ण झाले. मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले असले, तरी रुग्णालयातला वर-खाली होणारा पलंग घरात नसतो, ही साधी गोष्ट माझ्याही लक्षात उशिराच आली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून तीन वस्तू आणल्या.

पहिली वस्तू चुकीचीच आली. आम्ही रुग्णाच्या कमरेला बांधायचा, धरायला मुठी असलेला पट्टा मागितला होता. दुकानदाराने उचलणाऱ्याने स्वतःला बांधायचा कंबरपट्टा दिला आणि सगळे हाच नेतात असे सांगितले. असे पट्टे निरोगी माणसाच्या पाठीला दुखापतीपासून वाचवतात असे मानायला पुरेसा पुरावा नाही, हे कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितले आहे. जाऊबाईंना मात्र तो बांधल्यावर अंगात बळ आल्यासारखे वाटले, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. त्याच संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्णाला हाताने उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो ठेवली. निर्जीव ओझ्यासाठी, तेही सर्व अनुकूल असताना, हीच मर्यादा २३ किलो धरतात. पण रुग्ण मध्येच हलतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो, आणि खोक्यासारखा त्याला छातीशी धरताही येत नाही. दिरांचा नुसता एक पाय १२ किलोच्या आसपास भरेल, हे लक्षात घेतले की पट्टा परत का केला ते वेगळे सांगायला नको.

दुसरी वस्तू म्हणजे हाताने पंप मारायची हायड्रॉलिक लिफ्ट, जी आम्ही महिन्याच्या भाड्याने घेतली. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसल्यामुळे बॅटरीची घेतली नाही, हा निर्णय बरोबर ठरला. झोळीत बसवलेला माणूस अलगद वर येतो आणि पाठीवर काहीच ताण येत नाही, हे निर्विवाद आहे. अडचण घराची आहे. लिफ्टचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात आणि आमचा जुना दिवाण जमिनीपर्यंत फळ्यांनी बंद आहे. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये चांगला वीतभर उंबरा आहे, त्यावरून माणसासह लिफ्ट नेणे अशक्यच. पलंग बदलला तेव्हा कुठे ती उपयोगाची झाली. पोचवायला आलेल्या मुलाने प्रात्यक्षिक दाखवले नाही, आणि उचलताना खुर्चीचे ब्रेक लावून लिफ्टची चाके मोकळी ठेवायची, म्हणजे ती आपोआप योग्य जागी सरकते, एवढेही सांगितले नाही. दोन महिन्यांत खाऱ्या हवेने चाकांच्या आसांवर गंज चढला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी भाड्याने घेण्यापूर्वी चाके फिरवून पाहावीत.

तिसरी, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे सरकती चादर. गुळगुळीत नायलॉनचे हे दुहेरी कापड रुग्णाला कुशीवर वळवून खाली घालायचे, की पलंगावर पायथ्याकडे घसरलेले दीर पुन्हा उशीपर्यंत न उचलता सरकतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोघींनी उभे राहायचे, पावलांमध्ये अंतर ठेवून गुडघे किंचित वाकवायचे आणि हाताने ओढण्याऐवजी शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा. कमरेतून पीळ मात्र मुळीच द्यायचा नाही. कातडी ओढली जात नसल्यामुळे माकडहाडाजवळची लालीही कमी झाली. काम झाल्यावर ही चादर लगेच काढून घ्यावी, नाहीतर रुग्ण तिच्यावरूनच पलंगाखाली घसरेल. पाकिटावर ही सूचना इतक्या बारीक अक्षरांत होती की ती मला भिंग लावून वाचावी लागली.

लिफ्ट या महिनाअखेरीस परत करणार नाही, कारण आंघोळीच्या खुर्चीवर बसवायला तिच्याशिवाय पर्याय नाही. चादर मात्र आणखी एक मागवली आहे, म्हणजे एक धुवायला टाकली की जाऊबाई पुन्हा बगलेत हात घालणार नाहीत.