एअरब्रश चांगला, पण आतल्या रबरी रिंगने फार छळलं (काही महिन्यांच्या वापरानंतर)

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार. हा ड्युअल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की सुई मागे सरकून नोझलमधून रंग), रंगाचा कप वर, ०.३ मिमीचं नोझल. बाकी तपशील सगळ्यांना माहीत आहेत, ते उगाळत नाही. नवा होता तेव्हा १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबावर, नीट पातळ केलेला रंग इतका एकसारखा बसायचा की मॉडेल विमानाच्या पंखावरची मऊ छटा मास्किंग (बाकीचा भाग झाकणं) न करता मोकळ्या हाताने मारता यायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं.

मग ठिपके उडायला लागले. नुसती हवा सोडायला ट्रिगर दाबला की आधी रंगाचे दोन-चार थेंब आणि त्यानंतर कुठे सरळ फवारा. असं झालं की बहुतेक जण सुईच्या टोकावर संशय घेतात आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. ॲक्रिलिक रंग टोकावर वाळतो, हवा सुटली की ती खपली उडते. टोक ओल्या कापडाने पुसलं, रंगात थोडं रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलं की भागतं. इथे भागेना. सुई काचेवर लोळवून पाहिली, सरळ होती. नोझल भिंगाखाली धरलं, तोंडाला चीर नाही की ते फाकलेलंही नाही. कपात बुडबुडे येत नव्हते, म्हणजे नोझलच्या बैठकीतून हवा रंगाच्या वाटेत शिरत नव्हती.

दोष होता ट्रिगरच्या परतण्यात. मागे ओढून सोडला की तो झटकन पुढे यायला हवा. हा रेंगाळत यायचा आणि शेवटी केसभर मागेच राहायचा. तेवढ्याने सुई नोझलमध्ये पूर्ण बसत नव्हती. रंग झिरपून टोकाशी जमायचा आणि पहिल्या हवेबरोबर उडायचा.

याची तपासणी सोपी आहे. मागचं हँडल काढा, सुई आवळणारा चक नट सैल करा आणि ट्रिगर ओढून सोडा. आता तो सुटसुटीत पुढे आला तर स्प्रिंग आणि ट्रिगर ठीक आहेत, सुईच कुठेतरी धरली जातेय. सुई पूर्ण काढूनही ट्रिगर अडत असेल तर मात्र स्प्रिंग, ट्रिगर आणि हवेचा व्हॉल्व्ह बघावे लागतात. माझा सुटसुटीत आला. सुई वाकडी नसेल तर तिला धरून ठेवणारी जागा एकच उरते. कपाच्या मागे, बॉडीच्या आत तिचं पॅकिंग असतं. रंग ट्रिगरच्या कप्प्यात उतरू नये म्हणून बसवलेली इवलीशी रिंग आणि तिला मागून दाबणारा खाचेचा स्क्रू. लांब, बारीक पेचकस मागून घालून तो स्क्रू काढला, रिंग बाहेर ओढली. रबराची निघाली. फुगलेली, भोक आवळलेलं, एका अंगाला चिकट. नख दाबलं तर त्याची खूण तशीच राहत होती.

माझा सगळा राग या रिंगेवर आहे. लॅकर थिनर, ॲसिटोन यांनी साधं नायट्राइल रबर फुगतं, टेफ्लॉनला काही होत नाही. हे एअरब्रश बनवणाऱ्यांना माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही. खोक्यावर 'ॲक्रिलिक, इनॅमल, लॅकर सर्वांसाठी' असं छापायचं आणि ज्या जागी थिनर हमखास पोचतो तिथेच रबर बसवायचं, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, 'सफाईअभावी झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.' स्वच्छ नोझल, स्वच्छ कप आणि फुगलेली रिंग यांचे फोटो पाठवले. मग म्हणे रिंग सुटी मिळत नाही, सवलतीत नवा ब्रश घ्या. बॉडी धडधाकट, सुई सरळ, क्रोम शाबूत, आणि नखाएवढ्या रिंगेपायी अख्खा ब्रश फेकून द्यायचा? पैसे असले तरी मी असं करणार नाही. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर 'घेऊ नका' या दोन शब्दांतच संपवला असता.

आता मत बदललंय. व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) रिंगेच्या बैठकीचा आणि सुईचा व्यास मोजला आणि त्या मापाची, दुसऱ्याच ब्रशसाठी सुटी विकली जाणारी टेफ्लॉनची रिंग मागवली. ती बसली. बसवताना सुई आत ठेवून स्क्रू थोडा थोडा आवळायचा. सुई सरकवताना किंचित अडकल्यासारखं जाणवलं की थांबायचं. जास्त आवळलं तर ट्रिगर पुन्हा जड होतो, कमी आवळलं तर रंग मागे झिरपतो. कपात पाणी भरून थोडा वेळ ठेवलं, ट्रिगरचा कप्पा कोरडा राहिला. आता ट्रिगर नव्यापेक्षाही चपळ आहे आणि बारीक रेघ पुन्हा पहिल्यासारखी येते.

सफाईही त्यानुसार बदलली. अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवायचा नाही, हवेच्या व्हॉल्व्हमध्येही ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून बसवलेल्या गोल रबरी रिंग) असतात. रंग बदलताना कप पुसायचा, क्लीनर घालून फवारा स्वच्छ येईपर्यंत टिश्यूवर मारायचा, मग तोंड कापडाने दाबून हवा उलटी कपात सोडायची. सुई ओढायची ती कप धुऊन झाल्यावरच, नाहीतर तिच्यावरचा ओला रंग पॅकिंगमधून मागे ओढला जातो. पुसताना जाड भागाकडून टोकाकडे. नोझल दरवेळी खोलू नका. आटे इतके बारीक असतात की पाना जरा जास्त फिरला तर ते तुटून तुकडा बॉडीतच अडकतो. वंगण एअरब्रशचंच वापरा, सिलिकॉनचं तेल लागलं तर रंगाच्या थरात खड्डे पडतात. आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी सफाई करणारं यंत्र) असेल तर त्यात थिनर भरू नका, आग लागू शकते.

ब्रशला पाचपैकी चार, विक्रीनंतरच्या सेवेला शून्य. घेणार असाल तर पॅकिंग कशाचं आहे आणि ते व नोझल सुटं मिळतं का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या. हवेच्या व्हॉल्व्हमधली ओ-रिंग अजून मूळचीच, रबरी आहे. ती गेली तर बदलीच्या रिंगेचं माप इथेच टाकेन.